जुनी कॅमरी गाडी ३१ डिसेंबर २०२५ च्या आत दान करायची आहे, टॅक्समध्ये खरंच काही सुटतं का?

अ‍ॅशबर्नकर
नमस्कार मंडळी. आम्ही व्हर्जिनियात लाउडन काउंटीत राहतो. घरात २००९ ची कॅमरी आहे, १ लाख ८४ हजार मैल झालेत, इंजिन अजून मस्त आहे पण परवा सेफ्टी इन्स्पेक्शनला नेली तर पुढचे कंट्रोल आर्म, दोन टायर आणि मागचे ब्रेक एवढं सगळं काढलं आणि काचेवर रिजेक्शनचं स्टिकर लावून दिलं, खर्च सांगितला १,९०० डॉलर. नवीन गाडी आधीच आलीये, ड्राइव्हवेत जागा नाही, आणि वर काउंटीचा गाडीवरचा पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स आहेच. रेडिओवर सारखं लागलेलं असतं की गाडी दान करा, आम्ही फुकट टो करून नेतो, टॅक्स डिडक्शन मिळवा वगैरे. केबीबीवर, म्हणजे केली ब्लू बुक या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या साइटवर बघितलं तर प्रायव्हेट पार्टीला (थेट दुसऱ्या माणसाला विकली तर) २,४०० च्या आसपास दाखवतंय, म्हणजे २,४०० वजा होणार असं मी धरून चाललोय. ऑफिसमधला एक जण म्हणतो की दमडी मिळत नाही, नुसती जाहिरातबाजी आहे. कोणाचं खरं?

आमची परिस्थिती सांगतो. दोघांचं जॉइंट रिटर्न, एजीआय (ठरावीक वजावटी जाऊन टॅक्ससाठी धरलेलं उत्पन्न) साधारण २ लाख, घराचं व्याज १७ हजार, स्टेट टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १९ हजार. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, दोघांच्या नावावर आहे आणि बायको २० तारखेला पुण्याला चाललीये, जानेवारीत परत येईल.

हिशोबी_काका
तुमचा ऑफिसवाला निम्मा बरोबर आणि तुम्ही निम्मे 🙂

पहिली गोष्ट, आयटमाइझ करत असाल, म्हणजे सरसकट स्टँडर्ड डिडक्शन न घेता एकेक वजावट मांडत असाल, तरच गाडीच्या दानाला अर्थ आहे. २०२५ चं जॉइंटचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आहे. गेल्या वर्षीपर्यंत सॉल्टला, म्हणजे स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीला १० हजाराची मर्यादा होती त्यामुळे तुमचे १९ हजार असून फक्त १० धरले जायचे, अधिक व्याज १७, म्हणजे २७, आणि २०२४ चं स्टँडर्डच २९,२०० होतं, म्हणजे दान केलं असतं तरी पाण्यात. यंदा ती मर्यादा ४० हजार झाली, त्यामुळे १७ अधिक १९ म्हणजे ३६ हजार, तुम्ही आधीच स्टँडर्डच्या वर आहात आणि गाडीचा प्रत्येक डॉलर मोजला जाईल. नॉर्दर्न व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीतल्या बऱ्याच लोकांचं यंदा असंच झालंय, त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही एवढंच.

आता २,४०० विसरा. २००५ पासून नियम बदललाय. त्याआधी लोक खटारा गाडी द्यायचे आणि ब्लू बुकचा भाव लावून मोकळे व्हायचे, ते काँग्रेसने २००४ च्या कायद्यात बंद केलं. आता ५०० च्या वर क्लेम करायचा असेल तर चॅरिटीने गाडी जेवढ्याला विकली तेवढंच तुमचं डिडक्शन. आणि ते विकतात लिलावात, ठोक भावात. समजा तुमची ९०० ला गेली तर ९०० च. एक सवलत आहे, ५०० किंवा कमीला गेली, समजा ३५० ला, तर ५०० किंवा बाजारभाव यातलं जे कमी असेल ते घेता येतं, म्हणजे तुमच्या केसमध्ये ५००.

आणि डिडक्शन म्हणजे रोख नव्हे हो. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ९०० चे १९८ वाचतात, व्हर्जिनियाचे ५.७५ टक्के धरले तर अजून पन्नासेक. अडीचशे डॉलरसाठी गाडी द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

कोलंबियाची_मावशी
काकांनी बरोबर सांगितलंय पण एक बाजू राहिली. चॅरिटी गाडी विकत नसेल, म्हणजे दुरुस्त करून एखाद्या गरजू कुटुंबाला फुकट किंवा अगदी कमी किमतीत देत असेल, किंवा स्वतःच्याच कामाला बराच काळ वापरणार असेल, तर तुम्हाला पूर्ण बाजारभाव लावता येतो, लिलावाचा भाव नाही. आमच्याकडे मेरीलँडमध्ये व्हेइकल्स फॉर चेंज म्हणून संस्था आहे, १९९९ पासून हेच काम करते, व्हर्जिनिया आणि डीसीतही. तिथल्या गॅरेजमध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना मेकॅनिकचं काम शिकवतात, ती माणसं या गाड्या दुरुस्त करतात आणि मग त्या ज्यांच्याकडे कामावर जायला गाडी नाही अशा घरी जातात. आता दिलेली प्रत्येक गाडी कुटुंबालाच जाते असं नाही हं, दुरुस्तीला परवडेल अशीच निवडतात, बाकीच्या त्यांच्याकडेही विकल्या जातात. पण जपानी गाडी, इंजिन चांगलं, नुसते ब्रेक टायर कंट्रोल आर्म, मी असते तर आधी तिथे फोन केला असता.

गाडीच्या दानाबद्दल संस्थेकडून १०९८-सी फॉर्म येतो, तो आला की ५बी चा चौकोन बघा. तिथे खूण असेल तर गाडी गरजू माणसाला गेली, पूर्ण भाव तुमचा. ४ए ला खूण आणि ४सी मध्ये आकडा असेल तर विकली, तोच आकडा धरायचा.

हिशोबी_काका
हे मावशींनी उत्तम सांगितलं. फक्त पूर्ण भाव म्हणजे केबीबीचा पहिला दिसेल तो आकडा नव्हे. १,९०० चं काम निघालेली गाडी २,४०० ची नसते. केबीबीवर कंडिशन प्रामाणिकपणे टाका, जे येईल त्याचा प्रिंट आणि इन्स्पेक्शनचा कागद दोन्ही जपून ठेवा.

सरळ_विका
एवढी उठाठेव कशाला? मार्केटप्लेसवर टाक १,५०० ला, इन्स्पेक्शन फेल आहे हे स्पष्ट लिही, ॲज इज. कॅमरी आहे राव, ज्याला स्वतः हाताने काम करता येतं असा माणूस संध्याकाळपर्यंत कॅश घेऊन दारात. हातात १,५०० की टॅक्समध्ये अडीचशे? आणि दानच करायचं असेल तर त्यातले हवे तेवढे चेकने दे, त्या चेकचं डिडक्शन पूर्ण मिळतं, वर फॉर्मची भानगड नाही.

अ‍ॅशबर्नकर
@सरळ_विका पटतंय, पण खरं सांगू का, इज धिस अव्हेलेबल विचारून गायब होणाऱ्या लोकांशी बोलायची ताकद राहिली नाहीये. मागे एक सोफा विकताना पुरेसं झालं.

अजून दोन शंका. आमचं इथलं मराठी मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समाफ चॅरिटी म्हणून नोंदलेलं आहे, गाडी त्यांना दिली तर? आणि विकून ते पैसे सरळ गावच्या शाळेला पाठवले, साताऱ्याजवळ आहे, तर ते चालतं का?

माजी_खजिनदार
मंडळाचं मी सांगतो, दोन वर्षं खजिनदार होतो (आमच्या गावच्या मंडळाचा, तुमच्या नाही). कायद्याने मंडळाला गाडी घेता येते. पण मग टायटल मंडळाच्या नावावर करा, गाडी कुठेतरी उभी करा, विका, विकल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला १०९८-सी द्या, त्याची प्रत आयआरएसला (इथल्या टॅक्स खात्याला) पाठवा, हे सगळं करणार कोण? गणपतीच्या जेवणाचा हिशोब जुळवताना आमच्या नाकी नऊ येतात. कृपा करून विका आणि चेक द्या. त्यावर दोन ओळींचं पत्र मिळेल, २५० आणि त्यावरच्या देणगीला ते लागतंच.

शाळेचं मात्र नाही. भारतातल्या संस्थेला थेट पाठवलेले पैसे अमेरिकेच्या रिटर्नमध्ये चालत नाहीत, शाळा कितीही चांगली असो. इथे नोंदलेल्या एखाद्या ५०१(सी)(३) मार्फत दिले तर चालतात, तिकडे मराठवाड्यात विदर्भात काम करणाऱ्या बऱ्याच संस्थांचे इथे असे हात आहेत. नाव आयआरएसच्या टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्चमध्ये टाकून बघायचं, एक मिनिटाचं काम आहे. रेडिओवरच्या जाहिरातीतलं नावही तिथेच तपासा, कारण पुष्कळदा गाडी उचलणारी कंपनी वेगळी, चॅरिटी वेगळी, आणि मधला आपला वाटा काढून घेतो. तुमच्या डिडक्शनवर त्याने फरक पडत नाही, ते विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतं, पण संस्थेच्या पदरात किती पडतं ते विचारायला काय हरकत आहे.

पुण्यातून_वाचक
विषय अमेरिकेचा आहे तरी लिहितो, वाचून मजा वाटली. आमच्याकडे ८०जी मध्ये, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीत वस्तूचं दान चालतच नाही, गाडी असो की धान्य, पैसेच लागतात, आणि रोख २,००० च्या वर दिले तर तेही नाही. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ८०जी विसराच. वहिनी पुण्यात आल्या की त्यांना सांगा, इथे जुनी गाडी म्हणजे शेवटी भंगारवाला किंवा मेहुणा.

अ‍ॅशबर्नकर
😂 मेहुणा आहे, पण तो इथे एमएस करतोय आणि त्याला ही गाडी नकोय, म्हणतो काचेवर स्टिकर दिसतं. त्याला दिली असती तर डिडक्शन नसतंच ना?

हिशोबी_काका
नाही, ते गिफ्ट झालं.

बाकी तारखेचं ऐका कारण तुमच्याकडे दिवस कमी आहेत. गाडी आणि सही केलेलं टायटल ज्या दिवशी त्यांच्या ताब्यात जातं तो दिवस धरतात. ३१ ला रात्री वेबसाइटवर फॉर्म भरला आणि टो ट्रक ३ जानेवारीला आला तर ते २०२६ चं दान झालं. उलट, गाडी डिसेंबरमध्ये गेली आणि लिलाव फेब्रुवारीत झाला तरी २०२५ मध्येच धरता येतं, फक्त १०९८-सी हातात येईपर्यंत रिटर्न भरायची घाई करू नका, ५०० च्या वर क्लेम असेल तर त्याची प्रत रिटर्नला जोडावी लागते, शिवाय वस्तूंच्या दानासाठीचा ८२८३ फॉर्म. फॉर्मसाठी ते तुमचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मागतील, ते नियमातच आहे, म्हणून तर संस्था आधी तपासायची.

आणि यंदाच का, तर २०२६ पासून आयटमाइझ करणाऱ्यांना एजीआयच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान मोजलंच जाणार नाही. तुमच्या २ लाखावर ते १,००० होतात. म्हणजे दुसरं काही दान नसेल तर हीच ९०० ची गाडी पुढच्या वर्षी दिली की शून्य. स्टँडर्ड घेणाऱ्यांना पुढच्या वर्षी जॉइंटला २,००० पर्यंत सूट मिळणार आहे पण ती फक्त पैशाच्या दानाला, गाडीला नाही.

बायकोची सही विमानात बसण्याआधी घ्या. टायटलवर दोघांची नावं आहेत आणि ती तिकडे गेली की पॉवर ऑफ ॲटर्नी आणि कुरियरचा खेळ सुरू होतो. जुन्या लोनमुळे टायटल इलेक्ट्रॉनिक असेल तर कागदी प्रत आजच मागवा.

कोलंबियाची_मावशी
टायटलवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून सही करायची नाही, टो वाला कितीही म्हणाला की आमचे लोक नंतर भरतील, तरी संस्थेचं नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. आमच्या ओळखीत एकांनी कोरं दिलं आणि चार महिन्यांनी त्यांच्या नावावर पार्किंगचे दंड यायला लागले. ओडोमीटरचा आणि टो ट्रकवर चढवलेल्या गाडीचा फोटो काढा, पावती घ्या. व्हर्जिनियात प्लेट तुमच्याकडे राहतात, त्या आधी डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं खातं) जमा करायच्या आणि मगच इन्शुरन्स बंद करायचा, उलटं केलं की विनाइन्शुरन्स गाडी म्हणून डीएमव्हीचं पत्र येतं. काउंटीलाही कळवा नाहीतर पर्सनल प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतच राहील. काचेवरचा टोलचा ईझी-पास काढा, अकाउंटमधून गाडीचा नंबरही काढा. डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असेल तर ओढू नका, हेअर ड्रायरने डिंक गरम करून खेळायच्या पत्त्याने सरकवायचा, आमचा ओढताना सोंडेत तुटला.

अ‍ॅशबर्नकर
सगळ्यांचे आभार. मेरीलँडच्या संस्थेला फोन केला, गाडीची माहिती घेतली, इन्स्पेक्शनचा कागद ईमेल करायला सांगितलाय, कुटुंबाला जाईल की लिलावात ते गाडी बघितल्यावरच सांगू म्हणाले. टो १८ तारखेला सकाळी येतोय. टायटल कागदीच निघालं, कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होतं, बायकोची सही झाली.

एकच विचारायचं राहिलं, मागच्या सीटवर मुलाचं जुनं कारसीट आहे, तेही गाडीबरोबर दिलं तर वेगळं धरता येतं का?

हिशोबी_काका
कारसीटवर एक्स्पायरीची तारीख असते, आधी ती बघा. उलटून गेली असेल तर कोणालाच देऊ नका, पट्टे कापून टाकून द्या.