मदत हवी आहे: एक्सेलची सवय असलेल्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर कसं रुजवायचं?

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत आम्ही छोट्या कारखान्यांसाठी तक्त्यांचं सॉफ्टवेअर बनवतोय. पूर्ण मराठीत आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही पटकन उघडतं. रबाळ्याला दाखवायला गेलो, तर अकाउंट्सच्या ताईंनी पहिलंच विचारलं, "पिव्होट टेबल आहे का? माझे मॅक्रो चालतील?" (पिव्होट टेबल म्हणजे मोठ्या यादीचा झटपट गोषवारा काढायची सोय, आणि मॅक्रो म्हणजे तीच ती कामं आपोआप करून घेणाऱ्या साठवलेल्या सूचना.)

एक्सेल १९८५ पासून आहे, फीचर्समध्ये त्याला गाठणं आमच्या आवाक्यातलं नाही. गूगलच्या तक्त्यांतही २००६ मध्ये फीचर्स कमीच होती, पण एकाच फाइलवर अनेकांना एकदम काम करता यायचं. लोक त्यासाठी आले. मला हीच वाट पटते.

मग मॅक्रोंच्या मागे लागावं, की सीएकडे जाणारी एक्सेल फाइल बिनचूक निघेल एवढंच आधी पक्कं करावं? तुमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बदललं असेल तर नेमकं कशामुळे, आणि निर्णय कोणी घेतला, शेठनी की अकाउंटंटनी? कृपया सविस्तर लिहा.