जुनी पिकअप घरीच दुरुस्त करावी, आणि मूळ इंजिनावरच

मूळ मत (कोल्हापूर)

आमच्या गोठ्याच्या पडवीत महिंद्राची एफसी-१५० अठरा वर्षं उभी होती. आजोबा तिच्यातून गुळाचे रवे शाहूपुरीच्या पेठेत न्यायचे. मूळची ही विलीजची, म्हणजे जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीची गाडी. अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आली, साठच्या दशकात महिंद्रानं इथं बनवायला घेतली. खाली जीपचाच सांगाडा, ८१ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि केबिन थेट इंजिनावर. त्यामुळं तोंड चपटं, पण मागचा मालाचा हौदा जीपच्या मानानं केवढा तरी लांब.

अशी गाडी गॅरेजला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. काकांच्या जीपचा गंजका पत्रा न कापता वरून लांबी (पुट्टी) भरून दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. घरी आपल्याला घाई नसते. बिजागऱ्या, ब्रॅकेट मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकतो, ५ लिटरला एक मोठा चमचा. बॅटरीच्या चार्जरची निगेटिव्ह तार गंजक्या भागाला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडाला. रात्रभरात गंज सुटतो, चांगलं लोखंड झिजत नाही.

दुसरं, वडिलांनी १९७९ साली तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. ते काढून मूळचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन परत बसवणार. पार्ट जीपचेच लागतात. सिलिंडर बोअर करणं (आतून कापून गुळगुळीत करणं) तेवढं उद्यमनगरात, बाकी सगळं घरी.

निवृत्त फिटर, पिंपरी

बाळा, तुझी तळमळ पटते, पण "सगळं घरी" हे चूक आहे. सोड्याच्या टाकीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. पडवी बंद असेल तर टाकी अंगणात ने, आणि पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा-ताट कधी लावू नकोस, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नकोस. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून हवा मारलीस तर ती धूळ घरभर जाईल. ओल्या फडक्यानं पूस. पेट्रोलची टाकी तर घरी वेल्डिंगला घ्यायचीच नाही. वर्षानुवर्षं रिकामी असली तरी आत वाफ राहते. एका टाकीचा स्फोट मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि ब्रेक. एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा) आहे तो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. हे काम रोज करणाऱ्या माणसाकडंच दे.

मूळ मत मांडणारा

काका, टाकीचं आणि रंगाचं मान्य, सोड्याची टाकी आजच अंगणात नेतो. पण ब्रेकचं पटत नाही. व्हील सिलिंडर, रबरं, नळ्या सगळं नवं घालणार. जो माणूस स्वतः गाडीत बसणार आहे, त्याच्याइतकं जपून कोण करेल?

निवृत्त फिटर, पिंपरी

जपून करणं वेगळं आणि येणं वेगळं. तू बसव, पण पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या माणसाला चारही ड्रम उघडून दाखव. रिकाम्या हौद्यानं या गाडीचा सगळा भार तोंडावर येतो. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी पडतात.

कराडहून

मला घर-गॅरेज या वादात रस नाही, इंजिनाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण विरोधात आहे. आमच्याकडं कित्येक पेट्रोल जीपना डिझेल इंजिनं बसली, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. तुझ्या वडिलांनी ते इंजिन घातलं म्हणून ती गाडी पुढं कामावर राहिली, नाहीतर तेव्हाच भंगारात गेली असती. आजोबांची गाडी जपायची आणि वडिलांची पुसायची, हे कसलं जपणं?

पुण्याहून

कागदाचंही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी (सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि धंद्यासाठी वापरता येत नाही. म्हणजे डिझेल इंजिन अडचणीचंच ठरेल. तुमची गाडी कागदावर मालवाहू असेल तर पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत विचारून या. सुट्या भागांसाठी नाना पेठेत एक चक्कर मारा, जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा.

मूळ मत मांडणारा

काका, ड्रम दाखवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणार नाही. कराडकर दादा, तुमचं वाक्य रात्री वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पेट्रोलचंच घाल. बाबांना तोच आवाज आवडायचा." पेट्रोलचा ब्लॉक बोअरिंगला दिलाय.

कराडहून

वडीलच म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही. डिझेल इंजिन तेवढं भंगारवाल्याला देऊ नकोस. तेल भरून, तोंडं बंद करून पडवीत ठेव.