मदत हवी आहे: कॉलेजचं मानसिक आरोग्याचं ॲप आणि मुलांची उत्तरं

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे अकरावीच्या मुलांकडून एका ॲपवर ‘स्व-चाचणी’ भरून घ्यायचं ठरतंय. त्यातले प्रश्न पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्याची लक्षणं तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उदासी. एकूण गुण ० ते २७. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण १६ वर्षांच्या मुलीला स्क्रीनवर फक्त ‘तीव्र’ एवढंच दिसलं तर?

मला सगळ्यात जास्त धास्ती नवव्या प्रश्नाची आहे. तो जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारतो. रात्री अकरा वाजता एखाद्याने ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं, तर ते कोण वाचणार आणि किती वेळात? कुणीच पाहणार नसेल तर हा प्रश्न विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक खाली छापला की जबाबदारी संपत नाही.

आणि गुण वर्गशिक्षकांना दिसणार म्हटल्यावर मुलं खरं लिहितील का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. पण घरातल्या जाचाबद्दलच लिहायचं असेल तर त्या मुलाने काय करायचं?

इथे कुणी समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वकील असतील तर कृपया सांगा: संमतीपत्रात काय असावं, गुण कुणाला दिसावेत, माहिती कधी पुसावी? पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तिथे मला हे मांडायचंय.