१९८९ ची जिप्सी घ्यावी का?

सी-५०२, प्रसाद: मंडळी, १९८९ ची जिप्सी बघून आलो. ९७० सीसी, चार गिअर, सॉफ्ट टॉप, रंग मिलिटरी हिरवा. सहा वर्षं जागेवर उभी आहे. विकणारा म्हणतो, बॅटरी लावा, सुरू होईल. शनिवारी बॅटरी घेऊन जाऊ का?

ए-१०३, देशपांडे काका: बॅटरी राहू दे. हातोडी, टोचा आणि टॉर्च घेऊन जा. त्या गाडीत इंजिन हा सगळ्यात सोपा भाग. पैसे खाते ती चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा.

ए-१०३, देशपांडे काका: चासी पेटीसारखी, आतून पोकळ असते. चिखल आत साचतो आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरच्या रंगावर जाऊ नकोस. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे त्या टांगायच्या कड्या, जिथे चासीला धरलेत तिथे ठोकून बघ, मग बॉडी माउंटच्या बैठकी (जिथे बॉडी चासीवर बसते). खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं की टोचा दाबायचा, आत गेला तर तिथला पत्रा संपला. वर ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, बॅटरीचा ट्रे आणि काचेच्या फ्रेमची खालची पट्टी बघ. फ्लोअर गेला तरी घाबरू नको, तो बदलता येतो.

बी-२०४, मीनल: त्याच्याही आधी आरसी बघ रे. चासी नंबर स्वतः घासून वाच आणि आरसीशी ताडून घे. वायर ब्रशने, ग्राइंडर लावू नको! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण. या गाडीचं ते किती तारखेपर्यंत आहे ते बघ. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. मुदत उलटून गेली असेल तर दंडही धर.

बी-२०४, मीनल: आणि तो ऑलिव्ह हिरवा रंग ठेवता येणार नाही. तो फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना, मोटार वाहन नियम १२१. दुसरा रंग दिलास की आरसीवरही बदलून घे.

सी-५०२, प्रसाद: अरेरे, रंगासाठीच आवडली होती 😅 इंजिनचं काय करायचं मग?

बी-२०४, मीनल: स्टार्टर लगेच मारू नको. चारही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. अडकलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा वाट. मोकळं फिरलं की टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) नवे घाल. बेल्टची वरून दिसणारी तब्येत काही सांगत नाही, रबर म्हातारं झालेलं असतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोज. प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. चार सिलिंडरांत चौरस सेंटिमीटरला एक किलोहून जास्त फरक आला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून पुन्हा मोज. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा ०.४ ते ०.५.

डी-३०१, शेख भाई: पेट्रोलची लाइन पूर्ण बदला. जुने रबरी पाइप इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतात, मऊ पडतात. टाकी उतरवून आत गंज बघा, नाहीतर तोच गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो आणि माणूस कार्ब्युरेटरलाच दोष देतो.

ए-१०३, देशपांडे काका: आता पुढचा अ‍ॅक्सल, इथे लोक फसतात. एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडतं, मग डँपर (धक्के शोषणारा दांडा) नवा बसवतात. त्याने रोग झाकतो, जात नाही. चाक जॅकवर घे, वर आणि खाली धरून हलव. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलव. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन बेअरिंग, ज्यांवर चाक वळतं. ती एका चाकाला दोन, वर आणि खाली, म्हणजे चारचा सेट. शिम (पातळ चकत्या) जपून ठेव, ज्याची त्याच जागी. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा).

नक्कलच्या गोळ्यावर, म्हणजे पुढच्या चाकामागच्या वळत्या सांध्यावर, ग्रीसऐवजी पातळ काळं तेल ओघळलेलं असेल तर अ‍ॅक्सलच्या आतलं सील गेलंय. बाहेरचं सील बदलून उपयोग नाही.

सी-५०२, प्रसाद: फोर व्हील चालतं का, कसं बघू?

डी-३०१, शेख भाई: कच्च्या जमिनीवरच. डांबरावर नाही, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल मध्ये नसतं, वळताना सगळा ताण शाफ्टवर येतो. फ्री-व्हील हब (पुढची चाकं जोडायची-सोडायची कळ) असतील तर आधी लॉक करा. ४-एल (फोर व्हीलचा हळू गिअर) मध्ये टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लिव्हर बाहेर उडाला तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उघडण्याआधी तिचे तीन रबरी माउंट बघा, बरेचदा तेच बसलेले असतात. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत.

ट्रान्स्फर केसचं तेल काढताना आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा. वरचा जाम असला आणि खालून सगळं तेल गेलेलं असेल तर गाडी जागेवरच राहील. तेल ताकासारखं आलं तर आत पाणी गेलंय, सील आणि ब्रीदर (हवेची नळी) दोन्ही तपासा.

सचिव, ए-००१: सगळं छान. पार्किंगमध्ये वेल्डिंग आणि रंगकाम होणार नाही, नियम माहीत आहे ना?

ए-१०३, देशपांडे काका: बरोबर आहे सचिवांचं. तसंही वेल्डिंगआधी टाकी उतरवून लांब ठेवायची आणि बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या, ते वर्कशॉपमध्येच बरं. प्रसाद, शॅकलच्या जागांचे फोटो इथे टाक, मग बोलू किमतीचं.