पेरूच्या बुंध्यात तार रुतलीये, तरी पानं हिरवीगार कशी?

परसात सात-आठ वर्षांचा पेरू आहे. कपडे वाळत घालायला कधीतरी बुंध्याला तार गुंडाळलेली, मग विसरलोच, आता बघतो तर ती सालीत पार रुतलीये आणि तारेच्या वरचा भाग टायरसारखा फुगलाय, खाली मात्र बुंधा तसाच बारीक. पानं एकदम टवटवीत, उलट यंदा फळंच जास्त लागलीत. आई म्हणते झाड मरणार. मला पटत नाही, पण गळा आवळल्यावर पाणी वर जातंच कसं?

पानफुटी
पाणी सालीतून जातच नाही हो, आतल्या लाकडातून जातं, जलवाहिन्या त्या. सालीच्या आतल्या अंगाला असतात रसवाहिन्या, पानांनी बनवलेली साखर त्यातून खाली मुळांपर्यंत येते. तो रस्ता तारेने अडवलाय, माल वरच तुंबला, म्हणून फुगवटा आणि फळंही. पण आईंचं बरोबर आहे. मुळं सध्या साठवणीवर जगतायत, ती संपली की मुळं मरणार, मग पाणी कोण ओढणार?

डाळिंबवाला
गुटी बांधताना, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून नवं रोप करताना, आम्ही हेच मुद्दाम करतो. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. मुळं फुटतात ती वरच्या कापाला, कारण रस तिथेच येऊन थांबतो. सालीखालचा बुळबुळीत थर मात्र खरवडायचा, नाहीतर साल परत जुळून येते, माझ्या पहिल्या दहातल्या सात गुट्या अशाच वाया गेल्या.

प्रश्नकर्ता
बापरे. मग तार ओढून काढू का?

पानफुटी
ओढू नका!! उरलीसुरली सालही निघून येईल. पकडीने जिथे दिसेल तिथे तोडा, सुटे तुकडे काढा, आत गेलेलं राहू दे. आणि तारेच्या खाली फुटवे आलेत का बघा, असतील तर ठेवा, त्यांच्या पानांचा रस थेट मुळांना मिळतो, मधे तार नाही ना.

डाळिंबवाला
+१. घरात पोरं असतील तर तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवून दाखवा, काही तासात खोडात लाल रेघा दिसतात, पाण्याची वाट कुठली ते लगेच कळतं.

प्रश्नकर्ता
तार चार ठिकाणी तोडली, तीन तुकडे निघाले. खाली फुटवे दोन होते, त्यातला एक गेल्या रविवारीच मी बुंधा साफ दिसावा म्हणून छाटून टाकला. आईला अजून सांगितलं नाहीये.