मदत हवी आहे: जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेली, वय आता २९. पुढचे उपचार, बोलणं, लग्न

मंडळी, जन्मतः माझा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते, डाव्या बाजूने. ओठ काही महिन्यांचा असताना शिवला, टाळू दीड वर्षाचा असताना. सांगली जिल्ह्यातलं गाव, हातावरचं पोट, त्या मानाने आईवडिलांनी खूप धावपळ केली. त्यानंतर मात्र 'झालं एकदाचं' असं घरात सगळ्यांनी धरलं आणि डॉक्टरांनीही परत बोलावलं नाही. नेटवर शोधलं की बाळांचे आधी-नंतरचे फोटो दिसतात. ती बाळं तिशीला आल्यावर काय करतात हे काही सापडत नाही, म्हणून इथे विचारतोय.

सध्याची परिस्थिती अशी. वरचा जबडा मागे राहिलाय, खालचे दात पुढे येतात, त्यामुळे पुढच्या दातांनी काही तुटत नाही. भाकरीसुद्धा दाढेकडे सरकवून खावी लागते. वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा दात आलाच नाही. हिरडीच्या मागे टाळूला तांदळाएवढं भोक आहे. ताक पिताना मान जरा खाली गेली की नाकातून येतं, त्यामुळे पंगतीत ताकवाला आला की मी पानावर हात आडवा धरतो. व्रणावर केस येत नाहीत म्हणून मिशीला डावीकडे फट. (कोल्हापुरात नोकरी आणि मिशी अर्धवट, म्हणजे काय ते समजून घ्या.)

खरी अडचण बोलण्याची. समोरासमोर माणसांना सवय होते. फोनवर "पाटील बोलतोय" म्हटलं की पलीकडून "कोण, माळी?" म, न, ल ठीक येतात, पण प, ब, ट, क म्हणताना हवा नाकातून निसटते. बँकेत थकीत कर्जाचे फोन माझ्याकडे असतात. गेंगाण्या आवाजात "हप्ता थकलाय" म्हटलं की समोरचा घाबरण्याऐवजी हसतो.

एका दंतवैद्यांनी जबडा पुढे आणायचं ऑपरेशन सुचवलंय. या वयात ते करावं का, आणि त्याने बोलणं सुधारेल का? शिवाय घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय. ओठाचं दिसतंच, पण टाळूचं सांगायचं का, केव्हा? मुलांना होण्याची शक्यता किती? आणि कुणी स्वतः यातून गेलेलं असेल तर एवढंच सांगा, नोकरी-संसार नीट होतो का हो?

दंतकथा
मी ऑर्थोडोंटिस्ट (तारा लावून दात-जबड्याची ठेवण सुधारणारा दंतवैद्य) आहे. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की पैसे आणि वर्षं दोन्ही जातात.

टाळू लहानपणी शिवावीच लागते, नाहीतर बोलणं नीट येत नाही. पण तिथला व्रण आखडतो आणि वरचा जबडा पुढे वाढू देत नाही. म्हणून तुमचा जबडा मागे आहे, त्यात कुणाची हयगय नाही. हिरडीतली फट साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरायच्या आधी, कमरेच्या हाडातला भुगा भरून बुजवतात. तुमचं ते राहून गेलेलं दिसतंय. मोठेपणीही करता येतं, पण लहान वयाइतकी खात्री नसते. जबड्याचं ऑपरेशन मात्र वाढ थांबल्यावरच करायचं असतं, त्यामुळे २९ म्हणजे उशीर नाही. त्याआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावाव्या लागतील. भोक आणि हाड आधी, मग जबडा, मग नाक, आणि ओठाची डागडुजी सगळ्यात शेवटी. नाक आधी करून देतो असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन परत या.

आता महत्त्वाचं. जबडा पुढे आणला की चावा आणि चेहरा सुधारतो, बोलणं सुधारेलच असं नाही. मऊ टाळू मागे घशाच्या भिंतीला टेकली की नाकाचा रस्ता बंद होतो. तुमची आधीच अपुरी पडत असेल आणि जबड्याबरोबर तीही पुढे आली, तर गेंगाणेपणा वाढू शकतो. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून तपासणी आणि नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल बघणं, या दोन्ही गोष्टी मागून घ्या. गळती टाळूच्या मागून किती आणि त्या भोकातून किती, हेही त्यातच कळेल.

पाटील_नव्हे_माळी (धागाकर्ता)
आयडी आत्ताच बदलून घेतला. दंतकथा, शाळेत असताना मला रोज फुगे फुगवायला आणि शंख वाजवायला लावायचे. तो व्यायाम परत सुरू करू का?

दंतकथा
नको. फुंकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. फुगे फुगवून टाळूचा उच्चार सुधारत नाही. टाळू लहान पडत असेल तर ती वाढवायला किंवा घशाच्या भिंतीचा पडदा ओढून रस्ता अरुंद करायला शस्त्रक्रियाच लागते. बोलायच्या चुकीच्या सवयी थेरपीने जातात, गळती जात नाही. मुंबईला जाणं होणार असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवण दोन्हीची तपासणी होते.

सुमनताई
माझं वय ४१, मलाही ओठ आणि टाळू दोन्ही. दोन मुलं आहेत, दोघांनाही काही नाही.

स्थळाचं म्हणशील तर बायोडेटात लिहू नकोस, पण पहिल्या भेटीत स्वतः सांग. दुसऱ्या कुणी मागून सांगितलं की ते 'लपवलं' होतं. आमच्याकडे सासूबाईंच्या जावेने ग्रहणात भाजी चिरल्याचा विषय काढलाच होता. माझी आई शांतपणे म्हणाली, "ग्रहणात गावातल्या सगळ्याच बायका भाजी चिरत होत्या."

शक्यता आम्हाला जेनेटिक सल्लागाराने समजावली. आईवडिलांपैकी एकाला असेल आणि सोबत दुसरा कुठला सिंड्रोम (इतरही दोष एकत्र असणारा आजार) नसेल, तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के. सर्वसामान्य घरात सातशे बाळांमागे एखादं, त्या मानाने जास्त, पण ९५ टक्क्यांच्या वर बाजू आपली. मात्र तुझ्या खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे आहेत का ते आरशात बघ. असतील तर तो वेगळा प्रकार असतो आणि मग तो मुलाकडे जाण्याची शक्यता पन्नास टक्के होते. लग्नानंतर मूल ठरवण्याआधीपासून बायकोला फोलिक ॲसिड, किती ते तिच्या डॉक्टरांना विचारून. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ बहुतेक दिसतो, नुसती टाळू सहसा दिसत नाही.

उत्तरायण
मी नॉर्वेत, ओस्लोला असतो. नोकरी-संसाराबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. इथल्या गटाने १९९५ मध्ये अशा प्रौढांचा अभ्यास छापला होता. शिक्षण आणि नोकरीत इतरांपेक्षा फारसा फरक नव्हता, लग्नं मात्र कमी आणि उशिरा. पण हे आकडे तिकडे तसेच्या तसे लावू नका. इथे उपचार मोजक्या केंद्रांत एकवटलेले आहेत आणि तेच पथक बाळपणापासून मोठं होईपर्यंत बोलावत राहतं. तुम्हाला दीड वर्षाचे असताना सोडून दिलं. अभ्यासातल्या लोकांपेक्षा तुम्ही एकट्याने जास्त ओढलंय.

आणि ते जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास, त्यांचीही टाळू दुभंगलेली होती. २००४ साली जपानच्या क्योतो पुरस्काराच्या भाषणात त्यांनी लहानपणीची ऑपरेशनं आणि शाळेत बोलणं न कळल्याने झालेली चेष्टा स्वतः सांगितली होती. पुढे आयुष्यभर त्यांनी लोकांनी एकमेकांशी बोलण्यावरच लिहिलं!

फाईलवाला
खर्चाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझ्या भाच्याच्या वेळी हे सगळं केलंय. सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) दुभंगलेला ओठ-टाळू येतं, पण वय १८ पर्यंतच. जबड्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच सुरू होतं, काय बोलणार. वैयक्तिक आरोग्य विम्यात 'बाह्य जन्मजात दोष' वगळलेला असतो बऱ्याचदा. बँकेचा ग्रुप विमा असेल तर त्याची अट वाचा, तिथे कधी कधी चालतं. पत्रात डॉक्टरांनी चावणं, बोलणं, नाकातून अन्न येणं हे लिहायला हवं. 'सौंदर्य' शब्द आला की फाईल परत. स्माइल ट्रेन (दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या उपचारांना मदत करणारी संस्था) हिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांतही विचारा, तिथे लहान मुलांपुरतंच असतं हा समज चुकीचा आहे. सरकारी दंत महाविद्यालय आहेच.

सुमनताई
कान तपासलेस का रे? टाळू आणि कानाची नळी यांचे स्नायू एकच, त्यामुळे लहानपणी कानात पाणी साचून राहतं. मला पस्तिशीत कळलं की एका कानाने कमी येतंय. सगळे म्हणायचे लक्ष नसतं हिचं.

पाटील_नव्हे_माळी
आरशात बघितलं, खड्डे नाहीत. ताई, डावा कान लहानपणी सारखा वाहायचा, आणि फोन मी कायम उजव्याच कानाला लावतो, हे आज पहिल्यांदा जाणवलं. आधी कान आणि टाळूची दुर्बीण, जबड्याचं नंतर ठरवतो. ग्रुप विम्याची पुस्तिका एचआरकडे मागितलीय. रविवारी एक स्थळ येतंय, तेव्हा सांगणारच आहे. दुर्बिणीच्या तपासणीला भूल देतात का? उपाशी जायचं?

दंतकथा
पूर्ण भूल नाही. जागेपणीच करतात, कारण तुम्हाला वाक्यं बोलायला लावून टाळू बघायची असते. बहुतेक ठिकाणी नाकात फक्त बधिर करणारं औषध घालतात. खाण्याचं तिथेच फोन करून विचारा. आणि फोन उजव्या कानाला लावा.