भोपाळ की पुणे? (ग्रुप: आपली माणसं)

बाबा: सगळ्यांना नमस्कार 🙏 पिंकीला भोपाळच्या आयसरला (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) सीट मिळाली आणि फर्ग्युसनलाही बीएस्सीला नाव लागलंय हे माहीतच आहे. आयसरची फी उद्या संध्याकाळपर्यंत भरायचीय, घरात नुसती चिडचिड सुरूय. काय ते एकदा सांगा.

नाना: पुणं जवळ. आपली माणसं आहेत तिथं.

दादा: नाना, आयसरला पाच वर्षांत बीएस-एमएस होतं, म्हणजे डिग्री आणि मास्टर्स एकदम. आधी फिजिक्स केमिस्ट्री बायो मॅथ्स सगळंच, मग मेजर घ्यायचं, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. तिचं फिजिक्स की बायो तेच ठरत नाहीये, मग आत्ताच विषय धरून कशाला बसायचं

माई काकू: 🌹 शुभ सकाळ 🌹

आत्या: फर्ग्युसन 1885 चं कॉलेज आहे, नाव सांगितलं की लोकांना कळतं. आयसर म्हटलं की आमच्या शेजारीण विचारतात आयटीआय का?

दादा: शेजारणीला विचारून अ‍ॅडमिशन घ्यायची का आता 😂

आत्या: तुझ्या वेळी इंजिनिअरिंगची फी कोणी कोणी दिली ते मी काढत नाही.

बाबा: ताई प्लीज.

नाना: पुणं जवळ.

भुसावळचे मामा: नाना, आयुष्य गार्डाच्या डब्यात गेलं माझं. भुसावळ-भोपाळ खंडवा इटारसी करून 400 किमीच्या आसपास. पुणं मनमाड-दौंडवरून त्याच्यापेक्षा लांब. पंजाब मेल, झेलम, गाड्याच गाड्या भो. जवळ काय ते बघा.

माई काकू: रविवारी सगळे या, भरीत करते

मामा: जुलैत भरीताची वांगी? थंडी पडू द्या, बामणोदहून मी आणतो. आत्ता शेवभाजी करा

आई: विषय भरकटला. खर्चाचं कोणी बोलतच नाही. इन्स्पायर स्कॉलरशिप मिळाली तर वर्षाला 80 हजार, पण ती मिळेलच असं नाही, आणि हॉस्टेल तर दोन्हीकडे लागणारच.

नाना: पुण्यात आपल्या दादाच्या फ्लॅटवर राहील. पुणं जवळ.

दादा: नाना वन आरके आहे. आम्ही तिघं झोपतो.

पिंकी: मला भोपाळच हवंय, तिथे लॅब पहिल्या वर्षापासून आहे. मी कालच बाबांना सांगितलं, ते म्हणाले ग्रुपवर टाकू.

आत्या: म्हणजे आधीच ठरलंय, आम्हाला नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. छान.

बाबा: तसं नाही हो ताई

मामा: ठरलं तर तारीख सांगा, झेलमला आत्ताच वेटिंग चालूय

नाना: खालच्या बर्थचं काढ.